फिरत्या बायोरिॲक्टरमधले बुडबुडे आणि ऑक्सिजनचा हिशेब

विचारलेली परिस्थिती अशी आहे. आडव्या अक्षाभोवती फिरणाऱ्या, चकतीच्या आकाराच्या ५० मिलिलिटर भांड्यात एका कर्करोगी सेल लाइनचे गोळे, म्हणजे स्फेरॉइड, वाढवले जात आहेत. भांड्याची मागची बाजू सिलिकोनच्या पातळ पडद्याची आहे आणि भांडे मिनिटाला २० फेरे घेते. पहिला दिवस व्यवस्थित जातो, दुसऱ्या दिवसापासून बुडबुडे दिसू लागतात. हे बुडबुडे काढावेत की ऑक्सिजनला तेवढीच मदत म्हणून राहू द्यावेत, फेरे वाढवल्यास ऑक्सिजन अधिक मिळेल का, आणि अशा भांड्याचा केएलए (ऑक्सिजन द्रवात किती वेगाने उतरतो ते सांगणारा गुणांक) मोजायचा कसा, असे तीन प्रश्न त्यातून उभे राहिले आहेत.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लगेच देता येतात: बुडबुडे काढावेत, आणि केवळ फेरे वाढवून ऑक्सिजन वाढत नाही. पण ही उत्तरे नुसती पाळण्यापेक्षा त्यांमागचा हिशेब समजून घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ढवळत्या टाकीवर शिकलेल्या माणसाची सगळी सहजबुद्धी या भांड्यात उलटी पडते. ढवळत्या टाकीत बुडबुडा हाच ऑक्सिजनचा वाहक असतो आणि आपण तो मुद्दाम फोडून लहान करतो. इथे ऑक्सिजन पडद्यातून येतो आणि बुडबुडा ही केवळ वायू व पाणी यांच्या ताळेबंदात कुठेतरी गळती असल्याची खूण असते.

भांड्याची ही कल्पना ह्यूस्टनच्या नासा जॉन्सन अंतराळ केंद्रातली. रे श्वार्झ, डेव्हिड वुल्फ आणि टिन ट्रिन यांच्या नावे तिचे पेटंट १९९१ मध्ये निघाले. त्या रचनेत ऑक्सिजन देणारी नळी अक्षावरच बसवलेली होती. तुमच्याकडे आहे ती चकतीसारखी रचना त्याच कुळातली. दोन्हींत भांडे काठोकाठ भरलेले असते, वर हवेची मोकळी जागा ठेवलेली नसते, आणि भिंत व द्रव एकाच कोनीय वेगाने फिरतात. द्रवाचे थर एकमेकांवरून जवळजवळ घसरतच नाहीत, म्हणून पेशींवर कर्तनताण, म्हणजे थरांच्या घसरण्याने पडणारा ताण, अत्यल्प पडतो. याची किंमत मात्र मिश्रणात मोजावी लागते, आणि ऑक्सिजनचा सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आता आकडे पाहू. ३७ अंश सेल्सिअसला हवेशी समतोल असलेल्या माध्यमात ऑक्सिजन लिटरला सुमारे ०.२ मिलिमोल विरघळतो. सस्तन प्राण्यांच्या सेल लाइनचा खप पेशीगणिक तासाला ०.२ पिकोमोल धरला आणि पेशी मिलिलिटरला दहा लाख असल्या, तर खप लिटरला तासाला ०.२ मिलिमोल होतो. म्हणजे माध्यमात विरघळलेला सगळा साठा एका तासाची बेगमी आहे. पुरवठा थांबला तर तासाभरात पेशी उपाशी. (ताज्या यकृतपेशी असतील तर खप याच्या कित्येक पट असतो, आणि हा अवधी मिनिटांवर येतो.) माध्यमातला ऑक्सिजन संपृक्ततेच्या निम्म्यावर टिकवायचा असेल, तर ओढ, म्हणजे संपृक्तता आणि प्रत्यक्ष पातळी यांतला फरक, लिटरला ०.१ मिलिमोल उरते, आणि त्यासाठी केएलए तासाला २ हवा. जिवाणूंच्या फर्मेंटरमध्ये तो तासाला शंभराच्या वर सहज असतो, म्हणून हा आकडा क्षुल्लक वाटेल. या भांड्यात तो क्षुल्लक नाही.

कारण रोध कुठे आहे ते पाहावे लागते. सिलिकोन ऑक्सिजनला फार मोकळी वाट देतो. पडदा ०.२ मिलिमीटर जाडीचा धरला, तर त्याचा वहन गुणांक द्रवाच्या एककांत सेकंदाला सुमारे ०.१ मिलिमीटर येतो. द्रवाची खोली १ सेंटिमीटर असेल आणि त्यात काहीच हालचाल नसेल, तर द्रवाचा स्वतःचा गुणांक, म्हणजे विसरणांक (रेणू आपोआप किती वेगाने पसरतात ते सांगणारा आकडा) भागिले खोली, याच्या शेकडो पट कमी भरतो. म्हणून पडदा बदलून, पातळ करून किंवा त्याच्यामागे हवेचा पंप जोरात चालवून फारसे काही साधत नाही. अडचण पडद्याच्या अलीकडच्या द्रवात आहे. व्हिटमनने १९२३ मध्ये मांडलेला दुहेरी पटलाचा सिद्धान्त (सीमेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्थिर थर धरणारा) वापरून पाहिले, तर केएलए तासाला २ मिळण्यासाठी पडद्यालगतचा परिणामी स्थिर थर अर्ध्या मिलिमीटरहून जाड असता कामा नये. आणि द्रव अगदी घन पदार्थासारखा फिरत असेल, तर हा थर जवळपास अख्ख्या १ सेंटिमीटरचा असतो. निव्वळ विसरणावर एका बाजूने किती खप भागवता येतो, याचे सूत्र सोपे आहे: विसरणांकाची दुप्पट, गुणिले संपृक्तता, भागिले खोलीचा वर्ग. ऑक्सिजनचा विसरणांक ३ × १०⁻⁹ चौरस मीटर प्रति सेकंद धरल्यास उत्तर लिटरला तासाला ०.०४ मिलिमोल येते, म्हणजे गरजेचा पाचवा हिस्सा.

मग अशा भांड्यांत पेशी वाढतात कशा? त्याचे श्रेय बहुतांशी गोळ्यांनाच जाते. ०.३ मिलिमीटर व्यासाचा, माध्यमापेक्षा घनमीटरला ४० किलोग्रॅम जड असा गोळा सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने खाली पडू पाहतो. पण त्याच्याभोवतीचा द्रव फिरत असल्याने, फिरत्या द्रवातून पाहिले तर तो सव्वा-दीड मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढत राहतो. प्रत्येक गोळा असा आपल्यापुरता द्रव ढवळतो. फेरे वाढवण्याबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. गोळ्याचा द्रवाच्या तुलनेतला वेग त्याच्या आकारावर आणि वजनावर ठरतो, फेऱ्यांवर नाही. फेरे दुप्पट केले की त्याच्या वर्तुळाची त्रिज्या निम्मी होते, त्याची भटकंती घटते, आणि मिश्रण वाढण्याऐवजी कमी होण्याचाच संभव अधिक. फेरे वाढवण्याचे योग्य कारण एकच: गोळे मोठे होऊन भिंतीवर आपटू लागले की त्यांना पुन्हा द्रवात तरंगते ठेवणे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चकतीसारख्या भांड्यात गोळ्यांची ही वर्तुळे पडद्याला समांतर असतात. ती पडद्याजवळचा द्रव थेट आत आणत नाहीत; गोळ्यांच्या मागे राहणारी खळबळ आणि भांड्यातले दुय्यम प्रवाह तेवढे काम करतात. म्हणून या रचनेत द्रवाची खोली हा सगळ्यात जोरकस उपाय ठरतो. खोली १ सेंटिमीटरऐवजी अर्धा सेंटिमीटर केली, की निव्वळ विसरणाचीच क्षमता चौपट होते, लिटरला तासाला सुमारे ०.१७ मिलिमोल. दुसरा उपाय वेगात अधूनमधून हलका बदल करण्याचा. वेग बदलला की काही सेकंद द्रव आणि भिंत यांचा मेळ तुटतो आणि पडद्यालगत सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या ‘एकमन’ थरातून (फिरत्या द्रवात भिंतीलगत तयार होणाऱ्या पातळ थरातून) द्रव त्रिज्येच्या दिशेने सरकतो. हा बदल मिनिटाला दोन-तीन फेऱ्यांपेक्षा मोठा नसावा असे मी सुचवेन, नाहीतर ज्या कारणासाठी हे भांडे निवडले तेच हातचे जाते.

आता बुडबुड्याकडे वळू. भांड्यात ३ मिलिमीटर व्यासाचा एक बुडबुडा आहे असे धरा. त्यात १४ मायक्रोलिटर वायू आहे, आणि त्यातला ऑक्सिजन ०.१ मायक्रोमोल. तुमच्या ५० मिलिलिटर संवर्धनाचा खप तासाला १० मायक्रोमोल. म्हणजे तो बुडबुडा पूर्ण रिकामा झाला तरी पेशींना सुमारे ३८ सेकंद पुरेल. त्यानंतर उरतो तो मुख्यतः नायट्रोजन, जो कोणाच्याच उपयोगाचा नाही. ढवळत्या टाकीत बुडबुडा उपयोगी पडतो कारण तो क्षणोक्षणी नवा येतो आणि जुना निघून जातो. अडकून पडलेल्या बुडबुड्याला तो मान देता येत नाही.

तो अडकतो कुठे, हे आकारावर अवलंबून असते. मिनिटाला २० फेऱ्यांना आणि ४ सेंटिमीटर त्रिज्येला अभिकेंद्री त्वरण गुरुत्वाच्या २ टक्क्यांहूनही कमी असते, त्यामुळे बुडबुडे अक्षाकडे ओढले जाऊन तिथेच जमतात ही समजूत पृथ्वीवर अर्धीच खरी आहे. मुख्य झगडा उत्प्लावन, म्हणजे द्रवाने बुडबुड्याला वर ढकलणे, आणि द्रवाची ओढ यांचा असतो. ज्या बाजूला द्रव खाली जात असतो, त्या बाजूला अक्षाच्या पातळीवर एक जागा अशी असते, की द्रवाचा खाली जाण्याचा वेग आणि बुडबुड्याचा वर चढण्याचा वेग सारखे होतात. बुडबुडा तिथे येऊन थबकतो. अक्षापासूनचे हे अंतर म्हणजे चढण्याचा वेग भागिले कोनीय वेग. ०.१ मिलिमीटरचा बुडबुडा अक्षापासून सुमारे ३ मिलिमीटरवर, ०.३ मिलिमीटरचा सुमारे १७ मिलिमीटरवर थांबतो. १ मिलिमीटरच्या बुडबुड्याला प्रथिनयुक्त माध्यमातही हे अंतर ५ सेंटिमीटरच्या आसपास लागते, आणि तुमच्या भांड्यात तेवढी त्रिज्याच नाही. म्हणून तो वरच्या काठाला जाऊन चिकटतो आणि भिंत त्याच्यावरून सेकंदाला आठ सेंटिमीटर वेगाने सरकत राहते. भांडे चालू असताना समोरून पाहून बुडबुडा कुठे आहे हे टिपले, तरी त्याच्या आकाराचा चांगला अंदाज बांधता येतो.

यातला वरच्या काठाचा बुडबुडा सर्वांत त्रासदायक. सगळा द्रव फिरत असताना तो एकटा जागीच असतो, त्यामुळे त्याच्या भोवती आणि विशेषतः तो व भिंत यांच्यामधल्या पातळ पटलात कर्तन भांड्यातल्या इतर कोणत्याही जागेपेक्षा जास्त असते. प्रत्येक फेऱ्यात काही गोळे त्याच्याजवळून जातात, काही त्याला चिकटतात, आणि चिकटलेले गोळे जड असूनही वर तरंगत राहतात. १९८० आणि १९९० च्या दशकांत ढवळत्या टाक्यांवर झालेल्या अभ्यासांतून हे स्पष्ट झाले, की पेशींचे मोठे नुकसान पात्यापेक्षा पृष्ठभागावर फुटणाऱ्या बुडबुड्यांमुळे होते, आणि प्लुरॉनिक एफ-६८ हे पृष्ठभागावर बसणारे संरक्षक रसायन सुमारे ०.१ टक्का घातल्यास पेशी बुडबुड्याला चिकटत नाहीत. मोकळा पृष्ठभाग नसल्याने तुमच्या भांड्यात बुडबुडे फुटत नाहीत, पण चिकटण्याचा धोका राहतोच. प्लुरॉनिक वापरण्यास माझी हरकत नाही. मात्र ते बुडबुडे न काढण्याचे निमित्त होऊ नये.

बुडबुडे येतात कुठून, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण खरा उपाय त्यातच आहे. तुमचे माध्यम ४ अंशांच्या फ्रिजमधून आले असेल, तर त्यात ऑक्सिजन लिटरला सुमारे १३ मिलिग्रॅम असतो. ३७ अंशांना शुद्ध पाण्यात तो पावणेसात मिलिग्रॅमच मावतो. नायट्रोजनचीही तीच गत. दोन्ही मिळून ५० मिलिलिटर माध्यमातून जवळपास अर्धा मिलिलिटर वायू बाहेर पडू शकतो. हे कारण असेल तर बुडबुडे पहिल्या काही तासांतच, भिंतीवर आणि पडद्यावर बारीक मण्यांसारखे दिसतात. माध्यम आदल्या रात्री रुंद फ्लास्कमध्ये, हवा जाणारे झाकण लावून इन्क्युबेटरमध्येच ठेवले की तापमान आणि कार्बन डायऑक्साइड दोन्हींचा समतोल साधतो व हा प्रश्न मिटतो.

तुमचे बुडबुडे मात्र दुसऱ्या दिवशी येतात, आणि काढले तरी पुन्हा येतात. यावरून माझा पहिला संशय बाष्पीभवनावर आहे. सिलिकोनमधून पाण्याची वाफ ऑक्सिजनपेक्षा कित्येक पट सहज जाते. इन्क्युबेटरची आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल, तर ५० चौरस सेंटिमीटरच्या पडद्यातून दिवसाला काही दशांश मिलिलिटर पाणी उडून जाते, असे साध्या हिशेबाने दिसते. भांडे बंद आणि भिंती कडक. गेलेल्या पाण्याची जागा कशाने तरी भरली जाणारच: प्रथम पडदा थोडा आत झुकतो, आतला दाब उतरतो, मग विरघळलेला वायू बाहेर येतो किंवा झडपेच्या सांध्यातून हवा आत ओढली जाते. याची खूण अशी, की रोज साधारण तेवढ्याच आकाराचा बुडबुडा जमतो आणि माध्यमाची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांची दाटी, हळूहळू चढते. ती मोजून पाहा. चढत असेल तर इन्क्युबेटरमधला पाण्याचा ट्रे भरलेला ठेवणे, पडद्यामागे जाणारी हवा आधी पाण्यातून बुडबुडवून ओली करणे, आणि एका झडपेवर माध्यम भरलेली सिरिंज उघडी जोडून ठेवणे, म्हणजे पाणी कमी होईल तसे माध्यम आत ओढले जाईल, हे तीन उपाय एकत्र करावेत. बुडबुडा नेहमी एकाच झडपेजवळ उगम पावत असेल तर ती झडप किंवा तिची चकती बदलावी. गोळ्यांऐवजी पेशी वाढवण्यासाठी सच्छिद्र आधारसाचे वापरणाऱ्यांनी साच्यातली हवा भरण्याआधी निर्वातात काढून घ्यावी, नाहीतर ती दिवसेंदिवस थोडी थोडी बाहेर येत राहते.

राहू दिले तर बुडबुडे आपोआप विरघळणार नाहीत का? तत्त्वतः विरघळायला हवेत. पेशी ऑक्सिजन घेतात आणि त्याच्या बदल्यात वीसपटीहून अधिक विद्राव्य असा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यामुळे द्रवातल्या वायूंचा एकूण ताण वातावरणापेक्षा कमी होतो आणि बुडबुड्यातून वायू बाहेर ओढला जातो. पण एपस्टाइन आणि प्लेसेट यांनी १९५० मध्ये केलेले गणित सांगते, की संपृक्त पाण्यात ०.०२ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा काही सेकंदांत नाहीसा होतो, तर ०.२ मिलिमीटरच्या बुडबुड्याला तासाहून अधिक लागतो. शिवाय सीरममधली प्रथिने बुडबुड्यावर साय धरतात आणि विरघळणे आणखी लांबते. तोवर बाष्पीभवनाने नवा वायू आत आलेला असतो.

काढण्याची रीत: झडप वर येईल अशा स्थितीत भांडे थांबवावे, एका सिरिंजने कोमट माध्यम आत ढकलावे आणि दुसरीने बुडबुडा अलगद ओढून घ्यावा. हे एक-दोन मिनिटांत उरकावे, कारण थांबल्या क्षणापासून गोळे तळाशी जमू लागतात व एकमेकांना चिकटतात. अंतराळात हा प्रश्न वेगळ्याच रूपात उभा राहतो. १९९६-९७ मध्ये रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर फिरत्या बायोरिॲक्टरमध्ये कूर्चेच्या पेशी चार महिने वाढवल्या गेल्या. तिथे उत्प्लावन नसल्यामुळे बुडबुडा काढायला ‘वर’ ही दिशाच नसते आणि तो खरोखर अक्षाकडे सरकतो. जॉन्सन केंद्रात पुढे घुमटाच्या आकाराचे भांडे विकसित झाले, ते प्रवाहाच्याच बळाने बुडबुडे एका जागी आणून बाहेर काढता यावेत यासाठी.

आता केएलएचे मापन. पडद्यामागे आधी नायट्रोजन, मग हवा सोडून ऑक्सिजनची चढण नोंदवावी. त्यासाठी भिंतीच्या आतून चिकटवलेला, प्रकाशाच्या मदतीने ऑक्सिजन मोजणारा ठिपका सर्वांत सोयीचा, कारण आत शिरणारा प्रोब प्रवाहच बदलून टाकतो. सल्फाइटची रासायनिक पद्धत (द्रवातले सल्फाइट ऑक्सिजन किती वेगाने खपवते ते मोजणारी) इथे वापरू नये. वायू-द्रव संपर्कक्षेत्र रासायनिक अभिक्रियेने मोजण्याच्या पद्धती केंब्रिजचे रसायन अभियंता डँकवर्ट्स आणि त्यांचे विद्यार्थी मनमोहन शर्मा यांनी रुजवल्या, आणि मुंबईच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या आयसीटीत, त्यांवर फार मोलाचे काम झाले. पण त्या बुडबुड्यांनी भरलेल्या उपकरणांसाठी आहेत, आणि तुमच्या भांड्यातला रोध त्यांना दिसत नाही. मोजताना भांड्यात नुसते पाणी घेऊ नये. पेशींच्या गोळ्यांइतक्याच वेगाने पडणारे मणी तेवढ्याच संख्येने घालावेत, कारण मिश्रण तेच करतात. मण्यांविना, केवळ विसरणाने १ सेंटिमीटर खोलीला पलीकडच्या भिंतीवर दिसणारा दर तासाला सुमारे ०.२७ येतो. मण्यांसह मोजलेला आकडा याच्या जवळच राहिला तर मिश्रण होत नाही असे समजावे. मापनाआधी बुडबुडे पूर्ण काढावेत; अर्धा मिलिलिटरच्या बुडबुड्यात जवळपास ३.७ मायक्रोमोल ऑक्सिजन मावतो, तर ५० मिलिलिटर द्रवात सगळा मिळून १०, आणि एवढा मोठा हौद बाजूला असला की चढण मंदावून केएलए खोटाच कमी दिसतो.

मोजलेला केएलए गरजेपेक्षा कमी निघाला, तर मी उपाय या क्रमाने करेन: आधी पेशींची घनता उतरवणे, मग कमी खोलीचे भांडे घेणे, आणि त्यानंतरच पडद्यामागच्या वायूत ऑक्सिजन वाढवणे. शेवटचा उपाय सर्वांत सोपा म्हणून लोक तो आधी करतात. पण त्याने पडद्यालगतच्या गोळ्यांना गरजेहून जास्त ऑक्सिजन मिळतो आणि पलीकडच्यांना तरीही कमी पडतो, आणि मग एकाच भांड्यातले गोळे दोन वेगळ्या प्रयोगांतले असल्यासारखे वागतात. तसेच गोळ्याचा व्यास ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की त्याच्या गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही, मग बाहेरचे माध्यम हवेशी पूर्ण समतोलात असले तरी. त्या टप्प्यावर गाभ्यातल्या मृत पेशींचा दोष भांड्यावर किंवा बुडबुड्यांवर टाकण्याआधी गोळ्यांचे व्यास मोजून घ्यावेत.